दप्तर, तबकडी, चिप: वर्धा जिल्ह्यातील संगणकीय साठवणुकीचा इतिहास

केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना शंभर टक्के केंद्रीय अर्थसाहाय्याने सुरू केली, तेव्हा साऱ्या देशातून अवघे आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडण्यात आले आणि रंगारेड्डी, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज, डुंगरपूर, सिंहभूम व सोनितपूर यांच्या जोडीला महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याचे नाव आले. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्याविषयी जे विपुल लेखन झाले त्यात या निवडीला फारशी जागा मिळालेली नाही. तरीही संगणक ही वस्तू महाराष्ट्राच्या ग्रामीण व्यवहारात कशी शिरली आणि तिथे ती कशामुळे अडत राहिली, हे समजून घेण्यासाठी याहून चांगला आरंभबिंदू सापडणे कठीण आहे. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एकही फिरता भाग नसलेले आणि चिपवर माहिती राखणारे साठवणुकीचे साधन, सामान्य संगणकधारकाच्या आवाक्यात आले ते त्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. मोठ्या शहरांत या साधनाची कथा वेगवान नव्या यंत्रांची कथा म्हणून सांगितली जाते. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात मात्र ती मुख्यतः दुरुस्तीची, जुन्या यंत्राचे आयुष्य वाढवण्याची कथा आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते आणि १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या वर्धा गावात हलवण्यात आले. मध्य प्रांताच्या मालगुजारी व्यवस्थेत गावाचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजाराची असली, तरी शेत कोणाच्या वहिवाटीत आहे आणि त्यात पीक कोणते उभे आहे याची लेखी नोंद पटवारी ठेवत असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, पुढे राज्य बदलले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर ही नोंद गाव नमुना ७, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंदवही, अशा एकत्र उताऱ्याच्या रूपात स्थिरावली, हाच सात-बारा. तलाठी हे पदनाम आले तरी वर्ध्याकडे लोक त्याला पटवारीच म्हणत राहिले. या दप्तराचे वैशिष्ट्य असे की ते एकदा लिहून संपत नाही: वारसाहक्क, वाटणी, खरेदी, गहाण, पीककर्जाचा बोजा अशा प्रत्येक कारणाने त्यात फेरफार होतो आणि प्रत्येक फेरफार मूळ पानापर्यंत पोहोचवावा लागतो. कापडात बांधलेल्या बस्त्यांमधून नेमके पान काढण्याचे कौशल्य पटवाऱ्याच्या हातात आणि डोक्यात असे, आणि उतारा मिळण्यास लागणारा वेळ लिहिण्यात कमी व शोधण्यात जास्त जात असे. हा शोधण्याचा वेळ पुढील विवेचनात वारंवार येणार आहे, कारण कागद जाऊन यंत्र आले तरी तो संपला नाही. त्याने केवळ जागा बदलली.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, जिल्हा केंद्रे १९८८-८९ च्या या योजनेच्या सुमारासच उभी राहत होती आणि उपग्रहाद्वारे निकनेट या जाळ्याला जोडली जात होती. त्या काळच्या वैयक्तिक संगणकांतील हार्ड डिस्क साधारणतः २० ते ८० मेगाबाइट क्षमतेच्या असत. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्यांची बंद पेटी: तबकड्या एका वेगाने फिरत राहतात आणि आडव्या भुजेच्या टोकावरचे शीर्ष त्यांना स्पर्श न करता अगदी जवळून सरकत माहिती वाचते किंवा लिहिते. एका सात-बाऱ्याचा मजकूर दोन हजार अक्षरचिन्हांचा धरला, तर २० मेगाबाइटच्या तबकडीवर फार तर दहा हजार उतारे मावतात; जिल्ह्यातील उताऱ्यांची संख्या लाखांच्या घरात होती.

हा हिशेबही देवनागरीच्या बाबतीत उदारच म्हणावा लागेल. त्या वेळच्या डॉस प्रणालीला मराठी अक्षरे ठाऊक नव्हती. ती पडद्यावर दिसावीत यासाठी कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र वापरावे लागे आणि त्यासाठी संगणकात एक वेगळे कार्ड बसवावे लागे. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला एक बाइट लागत असे, त्यामुळे ‘सेलू’ हे तालुक्याचे नाव चार बाइटांत मावे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्याच नावाला बारा बाइट लागतात. साठवण महाग असताना मराठी काटकसरीने लिहिली गेली आणि ती स्वस्त झाल्यावर तिप्पट जागा खाऊ लागली, याची कोणाला खंत वाटली नाही, कारण दरम्यानच्या काळात बाइटाची किंमत उरली नव्हती.

प्रायोगिक योजनेची खरी अडचण तबकडीच्या आकारापेक्षा तिच्या ठिकाणाची होती. संगणक जिल्ह्याच्या ठिकाणी, फेरफार गावात, आणि मधला प्रवास कागदावर. त्यामुळे माहिती भरून होईपर्यंत ती शिळी होत असे. ही त्रुटी वर्ध्यापुरती नव्हती, योजनेच्या रचनेतच ती होती, आणि १९९७-९८ पासून संगणक तहसील पातळीवर नेण्याचे धोरण स्वीकारले गेले ते त्यामुळेच. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या कचेऱ्यांत यंत्रे पोहोचण्याचा काळ तो हाच.

यानंतरच्या दशकात संगणक कचेरीबाहेर पडला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांत संगणकाचे वर्ग उघडले. सेतू केंद्रे आली, २०११ नंतर ग्रामपंचायतींत संग्राम केंद्रे आली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅकच्या साहाय्याने रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणल्या. छायाचित्रकार, पत्रिका छापणारे, टंकलेखनाची दुकाने चालवणारे यांनीही सुटे भाग जोडून तयार केलेले, म्हणजेच ‘असेंबल’ केलेले, संगणक घेतले. अशा यंत्राची खरेदी ही दर दोन-तीन वर्षांनी करायची गोष्ट नव्हती. ते एकदा घेतले की आठ-दहा वर्षे चालवायचे, हा हिशेब गृहीतच असे, आणि पुढे सॉलिड स्टेट ड्राइव्हला या जिल्ह्यात जे महत्त्व आले त्याचे मूळ या सवयीत आहे.

या यंत्रांतील सर्वांत दुबळा अवयव हार्ड डिस्क हाच होता. भारनियमनाच्या वर्षांत वीज दिवसातून अनेक तास आणि अनेकदा न सांगता जात असे (औष्णिक वीज बनवणारी केंद्रे विदर्भात आणि अंधारही विदर्भात, ही तक्रार तेव्हा सर्वांच्या तोंडी होती), आणि तबकडी लिहीत असताना वीज तुटली की फाइल अर्धवट राही, कधी तबकडीचा तेवढा भागच वाचण्यापलीकडे जाई. दुकानदारांच्या भाषेत ‘बॅड सेक्टर’ पडत. यूपीएसची बॅटरी एक-दोन उन्हाळ्यांतच मान टाकत असे. बहुतेक हार्ड डिस्क सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात काम करण्यासाठी बनवलेल्या असतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत बंद पेटीतील तापमान त्या मर्यादेच्या किती जवळ जात असेल, याची कल्पना करता येते.

नादुरुस्ती ही अधूनमधून येणारी आपत्ती होती, संथपणा मात्र रोजचा होता. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास ११ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, हवी ती जागा शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी भुजेला योग्य वलयापर्यंत सरकण्यास दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला साठ-सत्तरच्या वर वाचता येत नाहीत. संगणक सुरू होताना असे दहा हजार तुकडे लागले, तर केवळ शोधण्यातच अडीच मिनिटे जातात. बस्ता सोडून पाने उलटणाऱ्या पटवाऱ्याचे काम इथे भुजेकडे आले होते एवढेच. २०१५ मध्ये विंडोज १० आल्यानंतर ही अडचण असह्य झाली, कारण ती प्रणाली पार्श्वभूमीला सतत काही ना काही वाचत-लिहीत असते. टास्क मॅनेजरच्या खिडकीत ‘डिस्क’ या शब्दाखाली शंभर टक्क्यांचा आकडा ठाण मांडून बसलेला, प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा, हे दृश्य त्या वर्षांत दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात पाहायला मिळे. ग्राहक यंत्र जुने झाले असे समजे आणि नव्याची किंमत विचारी. यंत्र जुने झालेले नसे. त्याचा एकच भाग बाकीच्यांना ताटकळत ठेवत असे.

या भागाला पर्याय फार पूर्वीपासून होता, परंतु त्याची किंमत सामान्य व्यवहाराच्या पलीकडची होती. १९७८ मध्ये अमेरिकेतील स्टोरेजटेक कंपनीने मोठ्या संगणकांसाठी ४५ मेगाबाइटची सॉलिड स्टेट साठवण विक्रीस आणली तेव्हा तिची किंमत सुमारे चार लाख डॉलर होती. वीज गेल्यावरही माहिती टिकवणाऱ्या फ्लॅश स्मृतीचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांचा. त्यांनी १९८४ मध्ये तिची मांडणी केली आणि आज सर्वत्र वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला. फ्लॅशच्या प्रत्येक पेशीत विद्युतरोधक थरांनी सर्व बाजूंनी वेढलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. वाढीव विद्युतदाबाने त्यात इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि वीज बंद झाली तरी ते तिथेच राहतात. कप्पा भरलेला की रिकामा यावरून शून्य किंवा एक ओळखता येतो. काहीही फिरत नसल्यामुळे कोणताही तुकडा सुमारे एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो, म्हणजे वरच्या उदाहरणातील अडीच मिनिटांचे काम सेकंदाच्या आसपास होते. एली हरारी, जॅक युआन आणि मूळचे कानपूरचे संजय मेहरोत्रा यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या सनडिस्कने, जिचे नाव पुढे सॅनडिस्क झाले, १९९१ मध्ये २० मेगाबाइटचा फ्लॅश ड्राइव्ह आयबीएमला पुरवला. त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास होती. २००८ मध्ये इंटेलने ८० गिगाबाइटचा ड्राइव्ह ५९५ डॉलरला आणला. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम पंचवीस हजार रुपयांहून अधिक होते, आणि तेवढ्यात त्या वेळी अख्खा संगणक येत असे.

फ्लॅश स्वस्त झाली ती संगणकामुळे नव्हे, तर खिशातल्या वस्तूंमुळे: कॅमेऱ्याची कार्डे, पेनड्राइव्ह, २००५ नंतरची गाणी ऐकण्याची छोटी यंत्रे, आणि सर्वांत अधिक मोबाइल फोन. या बाबतीत वर्ध्याचा ग्राहक जगाच्या मागे नव्हता. दहा-वीस रुपये घेऊन मेमरी कार्डात गाणी व चित्रपट ‘भरून देणे’ हा धंदा तालुक्याच्या बाजारपेठांत वर्षानुवर्षे तेजीत चालला. तो २०१६ नंतर स्वस्त डेटा आल्यावर ओसरला. नखाएवढ्या त्या कार्डातील चिप आणि महागड्या ड्राइव्हमधील चिप एकाच कुळातील आहेत, हे विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु अशा कोट्यवधी कार्डांच्या व फोनच्या मागणीवरच मोठे कारखाने उभे राहिले, आणि त्या कारखान्यांच्या उत्पादनातून संगणकाचा ड्राइव्ह स्वस्त झाला. ज्या गावात संगणकाचे दुकानही नव्हते तिथल्या कार्ड-खरेदीचाही त्यात अल्पसा वाटा आहे.

किमतीच्या घसरणीला आणखी दोन तांत्रिक कारणे होती. पहिले, एका पेशीत एकाऐवजी दोन, मग तीन आणि नंतर चार बिट साठवण्याची पद्धत. यात कप्पा केवळ भरलेला की रिकामा एवढे न पाहता किती भरला आहे हे मोजले जाते, त्यामुळे तेवढ्याच सिलिकॉनवर अधिक माहिती मावते. तिची किंमत पेशीच्या आयुष्यात मोजावी लागते: एक बिट राखणारी पेशी लाखभर वेळा पुसून लिहिता येई, तीन बिटांच्या पेशीला ते हजार-दोन हजार वेळाच जमते, आणि म्हणून ड्राइव्हमधील नियंत्रक चिप लेखन सर्व पेशींवर समान वाटत राहते. दुसरे कारण, २०१३ मध्ये सॅमसंगने सुरू केलेली पेशींची उभी रचना; २४ थरांपासून निघालेले हे मजले दशकभरात दोनशेच्या वर गेले. दरम्यान ऑक्टोबर २०११ च्या थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जुन्या साधनाचीच किंमत वाढली, त्यामुळे दोहोंतील अंतर अनपेक्षितपणे घटले. २०१२ च्या सुमारास एक गिगाबाइट फ्लॅश एका डॉलरला आली. २०१६-१७ मध्ये टंचाईमुळे भाव पुन्हा चढले. आणि २०१९ पर्यंत ते दहा सेंटच्या आसपास कोसळले. भारतात त्या वर्षी १२० गिगाबाइटचा साधा साटा जोडणीचा ड्राइव्ह दीड-पावणेदोन हजारांत आणि २४० गिगाबाइटचा दोन-अडीच हजारांत मिळू लागला.

वर्ध्याच्या दृष्टीने निर्णायक क्षण हा होता, कारण दोन हजार रुपये ही नव्या यंत्राची किंमत नसून दुरुस्तीची किंमत आहे. दुरुस्ती करणाऱ्याचे काम ठरीव झाले. जुन्या तबकडीवरील प्रणाली जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर उतरवायची, म्हणजे ‘क्लोन’ करायची, किंवा विंडोज नव्याने टाकायची. लॅपटॉपमधील डीव्हीडीचा खण कोणी वापरत नसल्याने तो काढून त्या जागी ‘कॅडी’ नावाच्या चौकटीत जुनी हार्ड डिस्क बसवायची, जेणेकरून फोटो व कागदपत्रांना जागा राहील. आणि तिच्या मूळ जागी नवा ड्राइव्ह. टेबलावरच्या संगणकात तर अडीच इंची ड्राइव्हला योग्य मापाचा खणही नसे. तो एका स्क्रूवर किंवा दुहेरी चिकटपट्टीवर पेटीच्या आतल्या पत्र्याला लावून दिला जाई, आणि त्याने काही बिघडत नसे, कारण त्यात हलणारे काही नाही व वजन नगण्य. चार-पाच मिनिटांत सुरू होणारे २०१२ चे यंत्र वीस-पंचवीस सेकंदांत सुरू होऊ लागले. टाळेबंदीच्या काळात घरोघर ऑनलाइन वर्ग भरू लागले तेव्हा कपाटावर ठेवलेले लॅपटॉप याच उपायाने पुन्हा कामाला आले.

ज्या अभिलेखांसाठी वर्ध्यात संगणक आला होता, ते मात्र एव्हाना स्थानिक यंत्रातून निघून गेले होते. २००८ च्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमानंतर ई-फेरफार प्रणाली आली, नोंदी राज्य पातळीवरच्या सर्व्हरवर गेल्या, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला आणि २०२१ मध्ये ई-पीक पाहणीच्या ॲपमुळे नमुना बारातील पिकाची नोंद शेतकरी स्वतः बांधावरून फोनवर करू लागला. तालुक्याच्या यंत्रावर आता अभिलेख उघडतो, राहत नाही. त्याच्या विलंबाचे कारण पुष्कळदा तबकडी नसून दूरच्या सर्व्हरवरील ताण असतो, आणि त्यावर इथल्या दुकानात औषध नाही. साठवण स्थानिक होती तेव्हा ती संथ होती, आणि ती वेगवान झाली तेव्हा साठवायचे ते दूर गेले, हा विपर्यास दोन्ही घटनांच्या तारखा शेजारी ठेवल्याशिवाय ध्यानात येत नाही.

नव्या साधनाचे दोषही नोंदवायला हवेत. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा टकटक आवाज करते, अडखळते, आणि कुशल माणूस तिच्यातून काही ना काही बाहेर काढतो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह पुष्कळदा पूर्वसूचना न देता एकदम अदृश्य होतो, आणि नियंत्रक चिपच जळली असेल तर तालुक्यातच काय, नागपुरातही फारसे हाती लागत नाही. शिवाय कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन कालांतराने निसटतात व उष्णतेत ते अधिक वेगाने निसटतात. घरगुती वापराच्या ड्राइव्हसाठी जेडेक या मानक संस्थेची अपेक्षा एवढीच आहे की लेखनक्षमता संपत आलेला ड्राइव्ह विजेविना ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती राखेल. हे मानक नव्या ड्राइव्हला जसेच्या तसे लागू नाही, तरी वर्ध्याच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात पडून राहणाऱ्या लग्नाच्या फोटोंसाठी हे साधन योग्य नव्हे. अशा कामाला जुनी तबकडी अजून बरी, आणि कॅडीत तिची सोय करून देणाऱ्यांनी हे कळत-नकळत ओळखले होते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली, आणि नव्या ड्राइव्हने जीवदान मिळालेली बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी स्मृती-चिपांची मागणी इतकी वाढली की फ्लॅश व रॅम दोन्हींचे भाव झपाट्याने चढले. सॅनडिस्कच्या संस्थापकांपैकी मेहरोत्रा आता प्रमुख असलेल्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठीच्या ‘क्रुशल’ या छापाच्या व्यवसायातून बाहेर पडण्याची घोषणा केली. २०१९ चा भाव हा एका विशिष्ट काळातील अतिरिक्त उत्पादनाचा परिणाम होता, कायमचा ठरलेला दर नव्हे, हे त्यामुळे दुकानदारांच्याही लक्षात आले आहे, आणि बंद पडलेल्या लॅपटॉपमधून धडधाकट ड्राइव्ह काढून तो दुसऱ्यात बसवण्याच्या कामाला आता पूर्वीपेक्षा अधिक मोल आले आहे.